उतरवून लावलेली गिटार

गिटार हे वाद्य घडतानाच थोडे बेसूर घडते. हे विधान गिटार वाजवणाऱ्यांना रुचत नाही आणि न वाजवणाऱ्यांना त्याचे सोयरसुतक नसते. पण ते खरे आहे, आणि आम्ही ज्याविषयी लिहू पाहतो त्याचा आरंभ तिथूनच होतो. तार पडद्यांच्या वर काही अंतरावर ताणलेली असते. सूर काढायचा तर ती बोटाने पडद्यापर्यंत खाली न्यावी लागते. खाली जाताना ती केसभर लांबते, लांबली की ताण वाढतो आणि ताण वाढला की सूर चढतो. कारागिराने पडद्याची जागा कितीही काटेकोर गणिताने ठरवलेली असो, ते गणित न दाबलेल्या तारेचे असते आणि वाजते ती दाबलेली तार. हा फरक कुठे ना कुठे भरून काढावा लागतो. सतारीला त्याची फिकीर नाही, कारण तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. कानाला खटकले की पडदा सरकवावा. गिटारीचे पडदे मानेत ठोकून बसवलेले. तिथे हलवण्याजोगे उरते ते तारेचे दुसरे टोक. ब्रिजवरच्या खाचेत हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी उभी असते, तिला सॅडल म्हणतात; तारा तिच्यावर टेकतात. ही पट्टी किंचित तिरकी बसवलेली दिसते, ती शोभेसाठी तशी नसते. साध्या हिशेबाने तार जेवढी लांब हवी, त्याहून ती दोनपासून पाचेक मिलीमीटर अधिक लांब ठेवलेली असते, पातळ तार थोडी कमी, जाड तार थोडी जास्त. लांबी वाढवली की सूर उतरतो. दाबल्याने तो जेवढा चढणार, तेवढा आधीच उतरवून ठेवायचा, अशी ही युक्ती आहे.

युक्ती जुनी आहे आणि तिच्या पोटात गंमतीही आहेत. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक. त्यांनी १५८१ सालच्या आपल्या संवादग्रंथात पडदे बसवण्याचा एक सोपा नियम सांगितला: उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजावा आणि तिथे पडदा बसवावा. आजचा आकडा अठराऐवजी साधारण १७.८१७ असा आहे. अठराच्या हिशेबाने बारावा पडदा सप्तकाच्या जागेला पोचत नाही. एका अर्धस्वराचे शंभर सेंट धरले, तर सूर सुमारे साडेबारा सेंट उतरा पडतो. कागदावर हा नियम टिकत नाही. पण वादकाने तार दाबली की सूर चढतो आणि ती तूट बरीचशी भरून निघते. गणितातली उणीव बोटाच्या दाबाने झाकली जाते, हे वाचून आम्हांला त्या वडील गॅलिलींविषयी उगीच आपुलकी वाटली.

आमचा पेशा जुन्या पोथ्यांचे पाठ जुळवण्याचा. वडील शाळेत हस्तव्यवसाय शिकवीत, त्यामुळे कानस, करवत, पॉलिश पेपर या गोष्टी घरात व्याकरणाइतक्याच सहज होत्या. पण गिटार होती ती थोरल्या भावाची, दादाची. १९८४ साली पहिल्या पगारातून त्याने ती मुंबईहून आणली. पोलादी तारांची, मोठ्या अंगाची, आवाजाला दणकट. वहिनी गाणाऱ्या. त्यांची तालीम किराण्याची आणि तंबोरा मिरजेचा. २०२१च्या उन्हाळ्यात दादा गेला. गिटार पेटीत राहिली आणि तंबोऱ्याला गवसणी चढली. आम्ही त्या घरी जात असू, पण दोन्ही वाद्यांचा विषय कोणी काढीत नसे.

विषय काढला तो पुतणीने. ती आता सतरा वर्षांची आहे. तिने एका दुपारी पेटी उघडली, नव्या तारा आणून चढवल्या आणि आठवडाभर झगडून आमच्यापुढे बोटे धरली. टोकांना लाल चिरा पडल्या होत्या. "काका, हिच्यावर एफ लागतच नाही," ती म्हणाली. गिटार शिकणाऱ्यांच्या आयुष्यात एफ नावाची कॉर्ड हा एक उंबरठा असतो: पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या. पुष्कळ जण तिथूनच परत फिरतात आणि दोष स्वतःच्या बोटांना देतात. मुलगी परत फिरण्याच्या बेतात होती. तारा खाली आणाव्या लागणार हे उघड दिसत होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पुसा, तारा बदला, काय ते करा. पण तिला कानस लावू नका."

त्यांच्या म्हणण्याचे वजन आम्हांला कळत होते. सॅडलची उंची कमी करायची तर ती घासावी लागते आणि घासलेले हाड परत येत नाही. म्हणून आम्ही आधी फक्त मोजायचे ठरवले. पोथी हाती आली की पहिल्या दिवशी तिच्यावर काही लिहीत नाहीत, पाने मोजतात, तसेच.

मोजण्याची रीत अशी. बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने पाहायचे. सर्वसाधारणपणे सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली २.४ मिलीमीटर आणि पहिल्या तारेखाली १.८ मिलीमीटरच्या आसपास अंतर असले की हात आणि कान दोघेही राजी राहतात. दादाच्या गिटारीवर हे आकडे ३.६ आणि २.८ निघाले. एवढ्या उंचीवर एफ लावणे म्हणजे दोरीवरचे ओले पांघरूण एका बोटाने दाबून धरणे. मग मान पाहिली. सहा पोलादी तारांचा एकत्र ताण सत्तर किलोच्या वर जातो. त्यापुढे मान वाकू नये म्हणून तिच्या आत एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तारा उंच दिसल्या की लोक हीच सळई पिळायला धावतात, ते बरोबर नाही. सळई मानेच्या बाकासाठी आहे, तारांच्या उंचीसाठी नाही. तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकदम दाबली की मधल्या सातव्या-आठव्या पडद्यावर तिच्याखाली पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट दिसावी. गाडीचे काम करणाऱ्याकडून मागून आणलेल्या फिलर गेजने ती ०.२ मिलीमीटर भरली. मान उत्तम. दुसऱ्या टोकाचा नटही ठीक. उंची होती ती सगळी सॅडलमध्ये.

यानंतर सूर तपासले आणि तिथे आम्ही थबकलो. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसते टेकवून, न दाबता, छेडले की एक स्वच्छ, घंटेसारखा सूर येतो. तो तारेच्या बरोबर मध्यावरचा. मग तिथेच तार दाबून छेडायची. दोन्ही सूर एक आले तर वाद्य जुळलेले. दाबलेला सूर चढा आला तर तार लांब करायची, म्हणजे सॅडलवरचा टेकू मागे न्यायचा. उतरा आला तर पुढे. आता तारा इतक्या उंच असल्यावर दाबलेला सूर चढाच यायला हवा. पण सहाही तारांवर यंत्राचा काटा डावीकडे, तीन-चार सेंट उतरा दाखवीत होता. तीन-चार सेंट म्हणजे काही फार नव्हे, बाजारातल्या गोंगाटात कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण सहाही तारा एकाच बाजूला कलतात तेव्हा तो योगायोग नसतो. आम्ही तारा सैल करून सॅडल बाहेर काढले. त्याच्या माथ्यावर कानशीच्या बारीक खुणा होत्या. प्रत्येक तारेच्या खाली पुढची कड उतरती घासून टेकू अगदी मागच्या कडेवर नेलेला होता. दादाचे हस्ताक्षर आम्ही ओळखतो, त्याची कानसही ओळखतो. त्याने हे सॅडल मुद्दाम उंच घडवले होते आणि मुद्दाम मागे नेले होते.

कशासाठी, हे समजण्यासाठी त्या घरातल्या एका जुन्या भांडणाकडे जावे लागते. भांडण गंधाराचे.

चांगला जुळलेला तंबोरा छेडीत बसले की खर्जाच्या तारेतून, कोणी न लावलेला गंधार आपोआप ऐकू येतो. गाणारी मंडळी त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. षड्जापासून तो सुमारे ३८६ सेंटांवर असतो. गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतात, त्यामुळे तिचा गंधार पडतो बरोबर ४०० सेंटांवर, चौदा सेंट चढा. हा दोष सॅडल कितीही घासले तरी जात नाही, कारण तो पडद्यांच्या मांडणीतच आहे. वहिनींच्या कानाला तो गंधार टोचे. दादा म्हणे, बारा ठिकाणी थोडे थोडे खोटे बोलल्याने हे वाद्य कुठल्याही पट्टीत बसू शकते. वहिनी म्हणत, मला एकच पट्टी हवी आहे. आपल्याकडे हे भांडण पेटीवरून होऊन गेलेच आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्या श्रुती वाजवू शकेल अशी पेटी घडवण्याचे प्रयत्न झाले, आणि पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियम सरळ बंदच केली. ती बंदी १९७१ साली सैल झाली. दरम्यान मराठी रंगभूमीवरची आणि मैफलींतली पेटी काही थांबली नाही. आमच्या मते दोन्ही पक्ष बरोबर होते, आणि कोणाचेच पुरते समाधान होणार नव्हते.

दादाने मात्र वाद बाजूला ठेवून वाट काढली होती. वहिनींची पट्टी काळी पाच. गिटारीच्या सहाही तारा एकेक स्वर, म्हणजे दोन अर्धस्वर, उतरवल्या की सी नावाची सगळ्यांत मोकळी कॉर्ड काळी पाचवर येऊन बसते. कॅपो लावून हे वरच्या अंगाने साधले असते, पण त्याला खाली खर्ज हवा होता. एवढ्या उतरवलेल्या तारा ढिल्या पडतात, जोराने छेडल्या की पडद्यांवर खडखडतात. म्हणून सॅडल उंच. (तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवून हीच खडखड माणसे मनापासून शोधतात, शेजारच्या वाद्यात तोच दोष.) ढिल्या तारेचा सूर दाबल्यावर अधिक चढतो, कारण मुळातल्या कमी ताणावर तेवढीच वाढ मोठी ठरते, म्हणून टेकू मागे. आम्ही सॅडल पुन्हा बसवले, तारा दोन अर्धस्वर उतरवल्या आणि बारावा पडदा तपासला. काटा मध्यावर उभा राहिला. सहाही तारांवर.

पुतणीने विचारले, "म्हणजे बाबांनी ही आईच्या आवाजाला लावली होती?"

वहिनी आत होत्या, पण ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "हे ती उतरवूनच ठेवायचे. आणि पहिली तार त्याहूनही थोडी." ही दुसरी गोष्ट आम्हांला यंत्राने कधी सांगितली नसती. सी कॉर्डमध्ये पहिली तार मोकळी वाजते, आणि ती तिथे गंधार असते. दादा ती तार आणखी केसभर उतरवून तंबोऱ्याच्या गंधाराला नेऊन भिडवीत असे. मग ए मायनर कॉर्डवर आले की तीच तार पंचम होई आणि उतरी वाजे. म्हणून त्या कॉर्डमध्ये तो पहिली तार वाजवीतच नसे. त्याच्या ए मायनरमध्ये वरचा सूर का नसतो, हे आम्ही तीस वर्षे ऐकत होतो आणि ती त्याची लकब समजत होतो.

आता प्रश्न असा होता की त्या मुलीला गिटार हवी आहे ती तिच्या पट्टीत, तिच्या मैत्रिणींबरोबर वाजवता येईल अशी, प्रचलित स्वरात लावलेली. वडिलांच्या मांडणीत ती तिला दाबताही येत नाही आणि स्वरातही मिळत नाही. वडिलांची मांडणी तशीच जपली तर वाद्य राहील, वाजवणारी जाईल. आमच्या धंद्यात हा पेच नेहमीचा आहे. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि १९०९ साली राजवाड्यांनी त्याही आधीची म्हणून एक वेगळी पोथी छापली. तेव्हापासून आम्हां मंडळींची पोटे या दोन प्रतींमधल्या अंतरावर भरत आली आहेत. शुद्ध करताना नाथांपुढे वाचणारी माणसे होती आणि राजवाड्यांपुढे लिहिणारा होता. दोघांनाही आपापली प्रत तयार करता आली, कारण एकीने दुसरी पुसली जात नाही. हाडाच्या सॅडलचेही तसेच करता येते. ते ब्रिजच्या खाचेत नुसते बसलेले असते, चिकटवलेले नसते. जुन्याला कानस न लावता दुसरे घडवायचे. वहिनींना हे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "नवीन हाडाला काय लावायचे ते लावा."

घडवले पुतणीनेच. आम्ही शेजारी बसून होतो. हाडाची कोरी पट्टी आणली, जुन्या सॅडलची माथ्यावरची कमान पेन्सिलीने तिच्यावर उतरवून घेतली. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असल्याने तिथे जेवढी उंची कमी हवी त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावी लागते: जाड तारेच्या बाजूला २.४ मिलीमीटर, पातळ तारेच्या बाजूला दोन. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर पट्टीचा तळ सरळ पुढेमागे फिरवायचा. हात जरा कलला की तळ गोल होतो आणि आवाज लाकडात उतरत नाही. हाडाला घासताना दाढेच्या डॉक्टरकडचा वास येतो. तीन संध्याकाळी गेल्या. दर दहा-बारा फेऱ्यांनंतर मोजायचे, कारण इथे घाईला क्षमा नसते. माथ्यावर दुसऱ्या तारेचा टेकू मागे घ्यावा लागला. ही पहिली निव्वळ पोलादाची जाड तार, शेजारची तिसरी मात्र वेटोळ्यांची. म्हणून सगळ्या तिरक्या रेषेत एवढी एक पायरी मागे येते. पहिल्या खेपेला ती दोन सेंट चढी लागली, थोडी मागे घेतल्यावर जुळली. शेवटी आकडे २.४ आणि १.८ आले. एफ दुसऱ्या दिवशी लागला, तिसऱ्या दिवशी पुन्हा गेला, आठवड्याने मुक्कामाला आला. त्यावर मुलीचे घर शेजाऱ्यांनी सोडले नाही, हे शेजाऱ्यांचे मोठेपण.

वहिनींनी ऐकून एवढेच म्हटले की गंधार चढा आहे. आम्ही म्हटले, तो राहणार.

जुने सॅडल आम्ही पाकिटात घातले. वर पेन्सिलीने दोन्ही उंची लिहिल्या, तारांची जाडी लिहिली, आणि मधोमध "काळी पाच". पाकीट गिटारीच्या पेटीत, तारांच्या कप्प्यात ठेवले. जुलैत पावसाची ओल धरली तेव्हा गिटारीचे पोट किंचित फुगले आणि तारा पाव मिलीमीटर वर आल्या. पुतणीने मोजून वहीत टिपले, घासले काही नाही. लाकूड वाळले की त्या खाली येतात, हे तिला आता ठाऊक आहे.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात वहिनींनी तिला विचारले की ते पाकिटातले परत बसवायला किती वेळ लागतो. वीस मिनिटे लागली. तारा उतरवल्या, पहिली त्याहूनही थोडी. तंबोऱ्याची गवसणी काढली तर जवारी पार गेलेली, आवाज लाकडी, गंधाराचा पत्ता नाही. मिरजेच्या कारागिराला निरोप धाडला आहे. सण उलटल्यावर येतो म्हणाला.